सेकंडहँड पॅराशूट घेताय? आधी रिगर, मग पैसे

प्रश्न: दादा, गेल्या हिवाळ्यात थायलंडला जाऊन स्कायडायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स, एएफएफ केला, पहिलं म्हणजे ए लायसन्स झालंय, आता साधारण ४० जंप आहेत. वजन ७८ किलो. दर वेळी भाड्याच्या रिगचे, म्हणजे पाठीवरच्या अख्ख्या पॅराशूट-सेटचे, पैसे भरून वैताग आलाय म्हणून स्वतःची घ्यायची आहे. ओळखीतून पूर्ण सेट मिळतोय, कंटेनर म्हणजे पाठीवरची बॅग, १५० चा मेन म्हणजे नेहमीचा पॅराशूट, अडचणीतला रिझर्व्ह, एएडी सगळं धरून १ लाख ८० हजाराला. विकणारा दुबईत असतो, म्हणतो रिझर्व्ह आजवर एकदाही उघडलेला नाही, सगळं इन-डेट आहे, काही बघायची गरजच नाही, पैसे टाक आणि कुरिअरने डोंबिवलीला घरपोच घे. घेऊ का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: हा सेट नको घेऊस. आणि रिगरने, म्हणजे पॅराशूट तपासून पॅक करणाऱ्या लायसन्सवाल्या माणसाने, बघितल्याशिवाय असा कुरिअरने तर कुठलाच नको.

किमतीचं नंतर बघू, आधी साइज बघ. तुझे ७८ किलो, वर रिग, सूट, हेल्मेट, बूट मिळून अजून बाराएक किलो, म्हणजे विमानातून बाहेर पडताना तू ९० किलोचा असतोस, पाउंडात १९८. कॅनोपी म्हणजे पॅराशूटचं कापडी छत चौरस फुटांत मोजतात, तर १९८ भागिले १५० म्हणजे विंग लोडिंग, दर चौरस फुटावरचं वजन, १.३२. ४० जंपवाल्याने १ च्या आसपास राहायचं असतं, म्हणजे तुला १९० किंवा त्याहून मोठा मेन हवा. १५० वर तू सरळ गेलास तरी वेग जास्त आणि वळलास तर अजूनच जास्त, उंचीही भराभर जाते, आणि जमिनीजवळ कोणी मध्ये आलं म्हणून दचकून एक टॉगल, म्हणजे वळायचं हँडल, खाली ओढलास तर सावरायला जागाच राहत नाही. नीट उघडलेल्या, काहीही बिघाड नसलेल्या पॅराशूटखाली लोकांचे पाय आणि मणके मोडतात ते असेच. 'घे, हळूहळू सवय होईल' असं विकणारा म्हणेलच, पण हा निर्णय तुझ्या इन्स्ट्रक्टरने घ्यायचा, विकणाऱ्याने नाही.

रिझर्व्हचा साइज तर तू लिहिलेलाच नाहीस, आणि बहुतेक सगळे हेच विसरतात. एएडी म्हणजे आपोआप रिझर्व्ह उघडणारं यंत्र, एअरटेकच्या सायप्रेसचं एक्सपर्ट मॉडेल साधारण २२५ मीटर उंचीवर तू अजून सेकंदाला ३५ मीटरपेक्षा वेगाने पडत असलास तर कटरने रिझर्व्ह बंद ठेवणारा लूप कापून टाकतं. आता ही वेळ येते कधी, तर बऱ्याचदा डोक्याला काही लागून माणूस शुद्धीवर नसतो तेव्हा. मग त्या रिझर्व्हखाली तू टॉगल न धरता, फ्लेअर न करता, म्हणजे शेवटी वेग न मारता, जमिनीवर येणार, आणि तो रिझर्व्ह ११३ चा असेल तर विचार कर. रिझर्व्हच्या लेबलवर कमाल वजन छापलेलं असतं, त्याचा फोटो मागव.

आता 'इन-डेट' आणि 'एकदाही उघडलेला नाही' या दोन गोष्टी. इन-डेट म्हणजे शेवटच्या रिपॅकची मुदत अजून संपलेली नाही, एवढंच. अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची आहे, २००८ च्या शेवटापर्यंत १२० होती, इतर देशांचे आपापले नियम आहेत. त्याचा अर्थ कापड, शिलाई, लाइन म्हणजे दोऱ्या सगळं उत्तम आहे असा होत नाही. आणि रिझर्व्ह हवेत कधी उघडला नाही हे ठीकच आहे, पण जमिनीवर तो दर मुदतीला उघडून, तपासून, परत पॅक व्हायला हवा होता, तो झाला का? कंटेनरच्या एका खिशात पॅकिंग डेटा कार्ड असतं, त्यावर प्रत्येक रिपॅकची तारीख, जागा, रिगरची सही आणि सर्टिफिकेट नंबर असतो. त्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो माग. मध्ये तीनचार वर्षांचा खड्डा दिसला तर तेवढे दिवस रिग कुठे होती ते विचार, कोणाच्या गॅरेजमध्ये, गाडीच्या डिकीत की कुठे. कार्डच हरवलंय म्हणाला तर तिथेच थांब. पीडी (परफॉर्मन्स डिझाइन्स) या कंपनीच्या रिझर्व्हवर तर डेटा पॅनलच शिवलेलं असतं, त्यावर प्रत्येक रिपॅक आणि प्रत्येक वापर रिगर खूण करतो, आणि ४० रिपॅक किंवा २५ वापर झाले की रिझर्व्ह तपासायला कंपनीकडे पाठवावा असं पीडी सांगते.

एएडीचं लेबलही बघ, त्यावर बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. जुनी सायप्रेस युनिट बारा-साडेबारा वर्षांत बाद होतात, नव्यांचं आयुष्य साडेपंधरा वर्षं, व्हिजिल या दुसऱ्या ब्रँडचं वीस. स्वस्त सेटमध्ये पुष्कळदा एएडीचं आयुष्य वर्षभरच उरलेलं असतं, म्हणजे पुढच्या वर्षी तुला नवं घ्यायला लाखाच्या वर मोजावे लागणार आणि मग तो सेट स्वस्त राहिलाच कुठे.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती क्रमाची. आपल्याकडचे बरेच जण 'आधी मुंबईत आणू, मग दाखवू कोणाला तरी' असं म्हणतात. दाखवणार कोणाला? रिझर्व्ह उघडून, तपासून, पॅक करून सील लावून देणारा रिगर डोंबिवलीत काय, अख्ख्या मुंबईत हाकेवर बसलेला नाही. मग ती रिग कपाटात पडून राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे मित्र-मित्र मिळून वरवर बघतात, 'छान दिसते' म्हणतात आणि पुढच्या ट्रिपला घेऊन जातात. म्हणून तपासणी विकणाऱ्याच्या गावात, माल तुझ्याकडे यायच्या आधी, आणि रिगर तू निवडलेला. सेकंडहँड बुलेट घेताना आपण विकणाऱ्याच्याच मेकॅनिकचं मत घेतो का? नाही ना. दुबईत पाम जुमेराहला मोठा ड्रॉपझोन, म्हणजे उड्या मारायचं केंद्र, आहे, तिथे रिगर आहेत, आधी तू स्वतः त्यांच्याशी बोल, मग विकणाऱ्याला सांग की रिग तिथे नेऊन दे, तपासणीची फी मी भरतो, रिपोर्ट थेट मला येऊ दे, आणि रिपोर्ट चांगला आला की पैसे. ज्याच्या रिगमध्ये खोट नाही तो याला कधीच नाही म्हणत नाही. जो म्हणतो 'एवढा विश्वास नसेल तर राहू दे', त्याला खरंच राहू दे.

रिगर करतो काय तेही माहीत असू दे, म्हणजे अर्ध्या तासात 'ओके' लिहिलेला कागद आला तर तुला कळेल की काम झालेलं नाही. रिझर्व्ह सील तोडून पूर्ण बाहेर काढतात, टांगतात, कापडाचा एकेक कप्पा (सेल) उजेडासमोर धरून बघतात, लाइन जिथे कापडाला जोडलेल्या असतात तिथली शिलाई, रिझर्व्हच्या पायलट च्यूटची, म्हणजे पॅराशूट बाहेर ओढणाऱ्या छोट्या छत्रीची, स्प्रिंग, पिन, केबल हे सगळं बघतात. हार्नेसवर उन्हाने विटलेला पट्टा, तुटलेला टाका, रिंगांवर गंज. थ्री-रिंग, म्हणजे बिल बूथने काढलेली ती तीन रिंगांची युक्ती जिच्यामुळे बिघडलेला मेन एका ओढीत सुटतो, तिच्या रायझरचा, म्हणजे हार्नेस आणि लाइन जोडणारा, पट्टा कडक झालाय का, लूप झिजलाय का. मेनच्या लाइन मोजून कंपनीच्या ट्रिम चार्टशी, म्हणजे मूळ लांबीच्या तक्त्याशी, ताडतात, कारण स्पेक्ट्रा धाग्याच्या लाइन स्लायडरच्या, म्हणजे उघडताना त्यांच्यावरून खाली सरकणाऱ्या कापडाच्या, घर्षणाने तापून आखडतात आणि त्याही सगळ्या सारख्या नाही, कडेच्या आणि ब्रेकच्या जास्त, मग कॅनोपी वेडीवाकडी उघडायला लागते आणि आपण पॅकिंगला दोष देत बसतो. पायलट च्यूटच्या आतली किल लाइनसुद्धा, म्हणजे मेन उघडल्यावर तो मिटवणारी दोरी, अशीच आखडते, मग तो पूर्ण फुगत नाही, मेन उघडायला उशीर होतो, आणि बाहेरून बघून हे अजिबात कळत नाही. शेवटी सगळे सीरियल नंबर घेऊन त्या मॉडेलवर कंपनीचं काही सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे दोषाची सूचना, आहे का ते बघतात, आणि तोच नंबर चोरीच्या यादीत नाही ना तेही बघून घ्यायला सांग.

लाइन झिजल्या असतील तर घाबरू नकोस, रीलाइनचा, म्हणजे लाइन बदलण्याचा, खर्च किमतीतून कापून घे. पण हार्नेसचा पट्टा किंवा रिझर्व्हचं कापड याबद्दल रिगरने नाक मुरडलं तर घासाघीस करायची नाही, सोडून द्यायचं. आणि हार्नेस तुझ्या मापाचा आहे का ते अंगात घालूनच कळतं, मेन लिफ्ट वेबची, म्हणजे खांद्यापासून मांडीकडे जाणाऱ्या मुख्य पट्ट्याची, लांबी महत्त्वाची, ढिला असेल तर हँडल जागेवर राहत नाहीत आणि नेमकं हवं तेव्हा हाताला सापडत नाही. मला विचारशील तर अजून एक सीझन भाड्याच्या रिगवर काढ, साइज स्थिर होऊ दे, तोवर तीन-साडेतीन लाख बाजूला टाक, त्यात धड सेट मिळतो. नव्याला सात-आठ लाखांच्या पुढेच जातं.

प्रश्न: माझा मुलगा २६ वर्षांचा आहे, स्कायडायव्हिंग शिकून आलाय. आता वापरलेलं पॅराशूट विकत घेतोय म्हणतो. मला यातलं ओ की ठो कळत नाही, रात्री झोप लागत नाही. नको म्हणणार नाही, ऐकणारही नाही तो. निदान त्याला विचारू काय?
— एक आई, दादर

उत्तर: काकू, नको म्हणत नाही आहात हे फार बरं केलंत, कारण नको म्हटलं की मुलं सांगायची बंद होतात आणि मग कोणीच काही विचारत नाही.

आधी एवढं ऐका की पाठीवरच्या त्या एका बॅगेत दोन पॅराशूट असतात, मेन त्याने स्वतः पॅक केलेलं चालतं, पण दुसरं, रिझर्व्ह, हे लायसन्सवाला रिगरच पॅक करतो आणि लाल दोरा घालून सील लावतो. तर त्याला विचारा की रिझर्व्ह शेवटचा कोणी पॅक केला, कधी केला, आणि विकत घ्यायच्या आधी तुझ्या रिगरने तो उघडून बघितला का. मग विचारा एएडी आहे का आणि त्याची तारीख कुठवर आहे. आणि विचारा की हा साइज तुझ्या इन्स्ट्रक्टरला सांगितलास का, काय म्हणाले ते. उत्तर गडबडीत, तुटक आलं तर परत विचारा, दहा वेळा विचारा, तुमचा हक्क आहे. ही उत्तरं त्याच्याकडे तयार असतील तर मुलगा जबाबदारीने करतोय असं समजा.

आपल्या पुण्याच्या शीतल महाजनांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली तेव्हा पेपरात सगळीकडे साडीचे फोटो होते. त्या २००४ साली उत्तर ध्रुवावर उतरल्या, २०११ ला पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरच्यांनाही तुमच्यासारखीच काळजी वाटली असेल हो. ती जाणार नाही, पण ज्याची उत्तरं मिळतात अशी काळजी जरा सोपी जाते. पैसे कमी पडत असतील आणि तुम्हाला जमत असेल तर तपासणीची फी तुम्ही द्या त्याला, वाढदिवसाची भेट म्हणून द्या.

प्रश्न: रिग घेतली, तपासूनही घेतली. वर्सोव्याला समुद्रापासून पाच मिनिटांवर राहतो, पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते. चार महिने रिग ठेवू कुठे?
— एक वाचक, वर्सोवा

उत्तर: माळ्यावर नको, गॅलरीत नको, गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. नायलॉनला ऊन आणि आम्ल दोन्हीचं वावडं आहे, म्हणून कपाट असं निवड जिथे फिनेल, संडास साफ करायचं अ‍ॅसिड, इन्व्हर्टरची बॅटरी यातलं काहीही जवळपास नसेल, नुसत्या वाफेनेही कापड कमजोर होतं. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नकोस, आतला ओलावा आतच राहतो, सुती चादर किंवा हवा जाणारी बॅग चांगली. घरात एका खोलीला एसी असेल तर त्याच खोलीत ठेव. दर महिन्याला बाहेर काढ, थ्री-रिंग सोडव, रायझरचे पट्टे हाताने वाकवून मऊ कर, केबल पुसून घे, रिंगांवर गंजाचा ठिपका दिसतो का बघ. उडी मारत नसलास तरी हे करायचं. पॅकिंगचे रबर बँड दमट उकाड्यात चिकट होतात, सीझनच्या सुरुवातीला सगळे बदल, दोनशे रुपयांचंही काम नाही.

आणि रिपॅकची मुदत पावसाळ्यातही चालूच असते, तू उडलास न उडलास. ऑक्टोबरनंतर जिथे जाणार असशील, हरियाणातलं नारनौल असो नाहीतर थायलंड, तिथे आधीच फोन करून रिगर कोणत्या दिवशी असतो ते विचार, नाहीतर पोचशील आणि दोन दिवस नुसता बघत बसशील. विमानात रिग केबिनमध्येच घे, सोबत एएडीचं कंपनीने दिलेलं कार्ड ठेव, एअरपोर्टवर एक्स-रेमध्ये बघून विचारतातच.

प्रश्न: चोर बाजारात मिलिटरीचं जुनं पॅराशूट बघितलं, गोल, हिरवं, फारच स्वस्त. रिझर्व्ह म्हणून चालेल का?
— एक वाचक, भायखळा

उत्तर: नाही. मिलिटरीने ते बाद केलं म्हणूनच तिथे आलंय, कार्ड नाही, इतिहास नाही, तुझ्या हार्नेसशी त्याचा काही संबंध नाही. गोल रिझर्व्हचा एक जुना घोळही आहे, १९८० च्या दशकातल्या काही गोल रिझर्व्हच्या जाळीत आम्ल निघालं होतं, त्याने शेजारचं कापड कुजायचं, रिगर ब्रोमोक्रेसॉल ग्रीन नावाचं द्रव्य लावून ते तपासायचे. गणपतीच्या मखरामागे पडदा म्हणून घ्यायचं तर खुशाल घे. पण ते घेऊन 'कामशेतला टेकडीवरून ट्राय करू' असं कोणी म्हणालं तर त्याला थांबव, आणि पॅराग्लायडिंगच्या रेस्क्यू पॅराशूटचंही तेच, तो हाताने फेकायचा असतो, ताशी १९० किलोमीटरने पडणाऱ्या माणसासाठी बनवलेला नसतो.

प्रश्न: रिगरला न दाखवता सेकंडहँड काय घेता येईल?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: सूट, गॉगल, ग्लोव्ह्ज, पॅकिंग मॅट, गिअर बॅग बिनधास्त घे. काट्याचा अल्टीमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, तेही घे, पण पहिल्या दोनतीन उड्यांना विमानात वर जाताना शेजारच्याच्या अल्टीमीटरशी ताडून बघ आणि खाली उतरल्यावर काटा शून्यावर येतो का तेही बघ. हेल्मेट घेताना ते कधी आपटलंय का विचार, आतला फोम दाबून बघ, शंका आली तर नवंच घे.