'कॅनडाची राजेशाही' नव्हे, 'कॅनडाचं राऊळ'

टोरोंटोजवळ राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: 'बर्फावरच्या हॉकीतला खेळाडू वेन ग्रेट्स्की किंवा गायिका सेलीन डिऑन यांचा विषय निघाला की इथले लोक त्यांना "कॅनेडियन रॉयल्टी" म्हणतात. एका मराठी लेखात याचं भाषांतर "कॅनडाची राजेशाही" असं वाचलं. ते बरोबर आहे का? आणि खेळाडू व गायिका, दोघांनाही एकच शब्द चालेल का?'

बरोबर नाही. ही चूक मी गेली काही वर्षं सतत वाचतो आहे, आणि दर वेळी तितकाच त्रास होतो. 'शाही' हा प्रत्यय माणसाला लागत नाही, राजवटीला लागतो. निजामशाही म्हणजे निजाम नव्हे. हुकूमशहा माणूस असतो, हुकूमशाही ही व्यवस्था असते. लोकशाही, नोकरशाही, घराणेशाही, कुठलाही शब्द घ्या, 'शाही' म्हणजे कारभाराची रीत. मग एक हॉकीपटू 'राजेशाही' कसा होईल? त्यातून कॅनडाच्या बाबतीत ही चूक जास्तच घातक आहे, कारण त्या देशात खरोखरच राजेशाही आहे. कॅनडाचा राष्ट्रप्रमुख आजही राजा आहे. 27 मे 2025 रोजी राजा चार्ल्स यांनी ओटावात स्वतः येऊन संसदेतलं अभिभाषण वाचलं. 'ग्रेट्स्की ही कॅनडाची राजेशाही' असं वाचणाऱ्या मराठी माणसाने काय समजायचं?

एका ज्येष्ठ भाषातज्ज्ञांचं म्हणणं असं, की 'राजेशाही थाट' चालतो तर 'राजेशाही माणूस'ही चालावा. चालतो, पण त्याचा अर्थ ऐटीत राहणारा माणूस असा होतो. तिथे 'राजेशाही' विशेषण आहे, ते माणसाचं नाव झालेलं नाही. एवढा फरक त्यांच्यासारख्यांनी नजरेआड करू नये.

'रॉयल्टी' तसाच ठेवावा म्हणाल, तर मराठीत त्या शब्दाची जागा आधीच भरलेली आहे. लेखकाला प्रकाशक देतो ती रॉयल्टी, आणि वाळूचा ट्रक अडवला की तलाठी जिची पावती मागतो तीही रॉयल्टी. सरकारी कागदावर तिला 'स्वामित्वधन' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द आधी 'राजेपण', मग 'राजाचे हक्क', मग त्या हक्कांपोटी द्यायची रक्कम आणि दुसऱ्या फांदीवर 'राजघराण्यातली माणसं' असा वाढला. आपण त्यातली पैशाची फांदी उचलली. आता दुसरी उचलून तिथेच कलम करण्यात अर्थ नाही. 'शाही' या सुट्या विशेषणाबद्दल मी लिहीतच नाही. ते पनीरला लागलं तेव्हाच संपलं.

आता मुळाकडे. कॅनडात ही 'रॉयल्टी' कोणाला म्हणतात ते पाहिल्याशिवाय शब्द सापडणार नाही.

1919 साली कॅनडाच्या संसदेने राजाला विनंती केली, की आमच्या नागरिकांना 'सर' वगैरे किताब देऊ नयेत. निकल नावाच्या खासदाराने तो ठराव मांडला होता, म्हणून त्याला निकल ठराव म्हणतात. 1930च्या दशकात थोडा काळ किताब पुन्हा सुरू झाले, तेव्हा इन्शुलिनचे संशोधक फ्रेडरिक बँटिंग 1934 साली 'सर' झाले. पुढे 1967 साली 'ऑर्डर ऑफ कॅनडा' ही नागरी सन्मानाची पदवी आली, पण ती मिळाली तरी नावामागे 'सर' लागत नाही. म्हणजे राजाचा देश, पण राजाकडून मोठेपण घ्यायचं नाही असं ठरवलेला. आणि गंमत पाहा, ज्यांना खरोखर किताब मिळाला त्या बँटिंगना कोणी 'रॉयल्टी' म्हणत नाही. ग्रेट्स्कीला म्हणतात.

16 जुलै 1988 रोजी एडमंटनमध्ये ग्रेट्स्कीचं लग्न झालं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला कॅनडाचं राजघराण्यातलं लग्न म्हटलं. त्यानंतर 24 दिवसांनी, 9 ऑगस्टला, एडमंटन ऑयलर्सच्या मालकाने त्याला लॉस एंजेलिसच्या संघाला देऊन टाकलं, तेव्हा नेल्सन रीस या खासदाराने सरकारने हा सौदा रोखावा अशी मागणी केली. ज्या संघाकडे तो गेला त्याचं नाव 'किंग्ज'. एका खेळाडूच्या बदलीवर संसदेत आवाज उठतो, तेव्हा तो खेळाडू राहिलेला नसतो, हे मान्य. पण 2004 साली कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीने 'सर्वांत थोर कॅनेडियन कोण' यावर लोकांचं मत घेतलं, त्यात ग्रेट्स्की दहावा आला. पहिले आले टॉमी डग्लस, सस्कॅचवान प्रांताचे 1944 ते 1961 या काळातले प्रमुख, सार्वजनिक आरोग्यसेवेचे जनक. दुसरा टेरी फॉक्स, एक पाय गमावलेला, कॅन्सरच्या संशोधनासाठी 1980 साली 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावलेला मुलगा. या दोघांबद्दल कॅनडात जी भावना आहे ती शब्दांत मावत नाही, तरी त्यांना 'रॉयल्टी' म्हणताना ऐकू येत नाही. म्हणजे थोर असणं वेगळं, 'रॉयल्टी' असणं वेगळं.

डग्लस यांची मुलगी शर्ली अभिनेत्री झाली, तिचं लग्न अभिनेते डोनाल्ड सदरलंड यांच्याशी झालं, आणि अभिनेता कीफर सदरलंड हा त्यांचा मुलगा. या कुटुंबाला मात्र 'रॉयल्टी' बिनदिक्कत म्हणतात! हॉकीतही तसंच. गॉर्डी हाऊ 1973 साली मार्क आणि मार्टी या आपल्या दोन मुलांसोबत एकाच संघातून खेळला. आल्बर्टातल्या व्हायकिंग या लहानशा गावातले सटर आडनावाचे सहा सख्खे भाऊ अव्वल व्यावसायिक साखळीत खेळले. हॉकीची 'रॉयल्टी' म्हटलं की ही नावं येतात. म्हणजे शब्दाच्या पोटात कुळ आहे. नुसती कीर्ती पुरत नाही. माणसाभोवती एक घर उभं राहिलेलं लागतं, ज्याच्या लग्नाकार्याची, मुलाबाळांची, दुखण्याखुपण्याची विचारपूस सगळा देश करतो.

आणि इथे मराठीकडे एक असा शब्द पडून आहे, की तो आठवला तेव्हा मला त्या रात्री झोप लागली नाही. राऊळ.

राऊळ म्हणजे देऊळ एवढंच आज आपल्याला माहीत. अभंगात राउळी जातो, विठोबाला भेटतो. पण मूळ संस्कृत शब्द 'राजकुल'. मधला 'ज' आणि 'क' प्राकृतात गळाले, 'राअउल' झालं, मग 'राउल', आणि मराठीत दोन स्वरांमधल्या 'ल'चा 'ळ' होतो तसा होऊन राऊळ. 'देवकुल'चं देऊळ झालं तसंच. देऊळ आणि राऊळ ही जुळी भावंडं आहेत: एक देवाचं घर, दुसरं राजाचं. पुढे देवाला आपण राजाच म्हणू लागलो, विठुराया म्हणालो, खंडेराय म्हणालो, म्हणून राजाचं घर देवाला मिळालं.

खरी मौज याच्या पुढे आहे. 'राजकुल' म्हणजे घर आणि घराणं. पण 13व्या शतकात विदर्भात, रिद्धपूरला, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू राहत होते. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत. त्यांचे गुरू चांगदेव राऊळ. अंगावर राजवस्त्र नाही, दारी हत्ती नाही, गावातून मनास येईल तसे फिरणारे हे अवलिये, आणि लोक त्यांना नुसतं 'राऊळ' म्हणून हाक मारतात! घराचा शब्द एका माणसाला लागला. राजस्थानच्या जुन्या शिलालेखांत राजांच्या नावाआधी 'महाराजकुल' असं लिहिलेलं सापडतं, तेच पुढचं 'महारावल'. एक माणूस, आणि त्याला नाव अख्ख्या कुळाचं. इंग्रजीत 'शी इज रॉयल्टी' म्हणताना नेमकं हेच होतं: समूहवाचक शब्द एका व्यक्तीवर ठेवतात आणि ती व्यक्ती घराण्याएवढी होते. मराठीने हे सातशे वर्षांपूर्वी केलं, तेही राजाची परवानगी न घेता. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. तिथल्या अभ्यासकांनी या एका शब्दावर काम करावं अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला उत्साही मंडळींचा: 'म्हणजे रॉयल हा शब्द आपल्या रावळवरूनच गेला!' (रावळ हे राऊळचंच दुसरं रूप.) नाही गेला. 'रॉयल' फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिन 'रेक्स', 'रेजिस'. संस्कृतातला 'राजन्' आणि हा 'रेक्स' एकाच आजीची नातवंडं आहेत, एकमेकांची मुलं नव्हेत. रावळमधला 'ळ' कुळातून आला, रॉयलमधला 'ल' लॅटिनच्या विशेषणप्रत्ययातून. आवाज जुळला म्हणून सोयरीक लावू नये.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. 'राजा प्रकृतिरञ्जनात्' हे कालिदासाचं वचन पुढे करून ते म्हणतात, की लोकांचं रंजन करतो तो राजा, म्हणून खेळाडू आणि गायिका राजे ठरतात, 'रंजनराज' म्हणा. कालिदासाने केलं ते सुंदर आहे, पण ते काव्य आहे. राजा हा शब्द 'रञ्ज्' धातूपासून निघत नाही. वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काने तो 'राज्', म्हणजे प्रकाशणे, या धातूशी जोडला होता. कालिदासाने दोन धातूंचा मिलाफ घडवला. काव्यातला श्लेष व्युत्पत्ती म्हणून वर्गात शिकवणं हा अपराध आहे, आणि शिकवणारे पदवीधर असले तर मोठा अपराध आहे. शिवाय 'रंजनराज' हे कोणाच्या तरी पार्टीच्या बँडचं नाव वाटतं.

कॅनडाच्या नकाशावर हे राजकुळ किती पसरलं आहे तेही पाहा. मॉन्ट्रियल म्हणजे राजाचा डोंगर. 1535 साली जाक कार्तिए या फ्रेंच दर्यावर्दीने त्या टेकडीला हे नाव दिलं. टॉमी डग्लस ज्या गावातून सस्कॅचवान चालवत होते ते रिजायना. आधी त्या जागेला 'हाडांचा ढीग' म्हणत, रानगव्यांच्या हाडांवरून. 1882 साली राजकन्या लुईझने आपल्या आईच्या, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या, मानार्थ नाव बदललं. 'रेजिना' म्हणजे लॅटिनमधली राणी. संस्कृत 'राज्ञी', प्राकृत 'रण्णी', आपली राणी, सगळ्यांच्या पोटात तोच धातू. लोकांनी सर्वांत थोर म्हणून निवडलेला माणूस राणी नावाच्या गावात बसून दवाखान्यांचा खर्च सरकारवर घेत होता.

त्याच राजाच्या डोंगराखाली 1925 साली ऑस्कर पीटरसन जन्मला. वडील रेल्वेत हमाल. पुढे जगाने त्याचा पियानो ऐकला, आणि अमेरिकी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनने त्याला 'कीबोर्डचा महाराजा' म्हटलं. ड्यूक हाही सरदारकीचा किताबच, आणि तोही मित्रांनी दिलेला. त्यात 'महाराजा' हा शब्द आपला, संस्कृतातून गेलेला. 30 जून 2010 रोजी ओटावात पीटरसनच्या पुतळ्याचं अनावरण राणी एलिझाबेथने केलं. महाराज हा शब्दही राऊळच्याच वाटेने गेलेला आहे: छत्रपतींना महाराज, तुकोबांना महाराज, गजाननबाबांना महाराज. ज्याच्यापुढे हात आपोआप जुळतात त्याला राजाचा शब्द द्यायचा, ही आपल्या भाषेची जुनी खोड आहे आणि ती मला फार प्रिय आहे.

आता वापर. बातमीत लिहायचं असेल तर 'कॅनडात ग्रेट्स्कीला राजघराण्यातल्या माणसाचा मान आहे' असं सरळ लिहा, कोणी अडणार नाही. पण लेखात, भाषणात, जिथे शब्दाला श्वास घ्यायला जागा आहे तिथे 'ग्रेट्स्की म्हणजे कॅनडाचं राऊळ' म्हणून पाहा. वाचणाऱ्याला देऊळ आठवलं तर आठवू दे. कोकणात राऊळ आडनावाची कितीतरी घरं आहेत, त्यांना हा शब्द ऐकून आनंदच होईल.

आणि दुसरा प्रश्न. खेळाडू असो की गायिका, राऊळ नपुंसकलिंगी आहे, दोघांनाही लागतं. अडचण वेगळी आहे. सेलीन डिऑन कॅनडाचं राऊळ की क्वेबेकचं? क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांतात 'राष्ट्रीय' या शब्दाचा अर्थ बहुतेकदा क्वेबेकचं असा होतो. तिथल्या विधानसभेचं नावच राष्ट्रीय सभा आहे. 2016 साली सेलीनचे पती रने आंजेलील वारले तेव्हा मॉन्ट्रियलच्या नोत्र दाम चर्चमध्ये 'राष्ट्रीय' अंत्यविधी झाला, तो क्वेबेक सरकारने दिलेल्या मानाचा. त्यामुळे टोरोंटोत बोलताना 'कॅनडाचं' म्हणा, मॉन्ट्रियलमध्ये आधी समोरच्याला विचारा. ती जन्मली त्या गावाचं नाव शार्लमेन. शार्लमेन म्हणजे थोरला कार्ल, मध्ययुगीन युरोपातला सम्राट, आणि या कार्लच्या नावावरूनच पोलिश भाषेत राजाला 'क्रूल' म्हणतात, चेकमध्ये 'क्राल', रशियनमध्ये 'कोरोल'. तिथे एका माणसाच्या नावाचा राजा झाला, आपल्याकडे राजाच्या घराचा माणूस झाला.