एकाच आरंभीच्या अटीला दोन उत्तरे कशी?

य′ = २√य हे समीकरण (य′ म्हणजे क्ष बदलताना य ज्या दराने बदलतो तो दर) आणि य(०) = ० ही आरंभीची अट घेतली, तर य = ० आणि य = क्षचा वर्ग ही दोन्ही उत्तरे ताळ्यात बसतात, मग यांतले खरे कोणते, असे आपण विचारले आहे. क्ष शून्य किंवा धन असताना दोन्ही खरी आहेत, आणि उत्तरे दोनच आहेत असेही नाही. ग ही कोणतीही धन संख्या घ्या; क्ष = ग होईपर्यंत य शून्यावरच राहू द्या आणि तेथून पुढे (क्ष − ग) चा वर्ग या वक्रावर चढू द्या. सांध्याच्या बिंदूपाशी दोन्हीकडचा चढ शून्य असल्यामुळे हेही निर्दोष उत्तर ठरते. चल वेगळे करताना, म्हणजे य एका बाजूला आणि क्ष दुसऱ्या बाजूला नेताना, आपण √य ने भागतो आणि त्याच पायरीवर य = ० हे उत्तर हातून निसटते, हे मी शिकवताना अनेकदा पाहिले आहे.

समीकरणाची उजवी बाजू संतत, म्हणजे कोठेही उडी न घेता बदलणारी, असली की निदान थोड्या अंतरापुरते उत्तर असतेच, हे गणितज्ञ पेआनो यांनी १८८६ मध्ये मांडले. उत्तर एकच असण्याची हमी मात्र पिकार आणि लिंडेलॉफ यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रमेय देते, आणि त्यासाठी लिप्शिट्झ यांची अट लागते: उजव्या बाजूच्या दोन किमतींतला फरक हा य च्या दोन किमतींतल्या फरकाच्या एका ठरावीक पटीपेक्षा, म्हणजे ल पटीपेक्षा, मोठा असू नये. आपल्या समीकरणात य शून्यावरून ०.०००१ वर गेला की उजवी बाजू ०.०२ ने वाढते, म्हणजे २०० पट, य ०.०००००००१ घेतला तर तीच पट २०,००० होते. शून्याजवळ कोणताही ल पुरत नाही.

ही अट कशासाठी लागते, ते सिद्धतेत लगेच दिसते. एकाच बिंदूपासून निघालेल्या दोन उत्तरांतला कमाल फरक द एवढ्या अंतरात म असेल, तर समाकल घेतल्यावर म ≤ ल × द × म असे मिळते. द इतका लहान घेतला की ल × द एकाहून कमी होईल, तर म शून्य असण्यावाचून गत्यंतर नाही. अट पुरेशी आहे, आवश्यक नाही: य′ = १ + २√|य| येथेही ती शून्यापाशी मोडते, तरी उजवी बाजू कोठेही शून्य होत नसल्यामुळे उत्तर एकच निघते.

हे केवळ कागदावरचे कोडे वाटत असेल, तर तळाला भोक पडलेली उभ्या कडांची बादली घ्या. टॉरिचेल्ली यांच्या नियमाप्रमाणे पाण्याची उंची य′ = −२√य अशी घटते (येथे क्ष म्हणजे वेळ; एकके सोयीची निवडली आहेत); ९ उंचीपासून निघाल्यास उंची (३ − क्ष) चा वर्ग राहते आणि क्ष = ३ ला बादली रिकामी होते. आता रिकामी बादली पाहून ती केव्हा रिकामी झाली, हे कोणाला सांगता येईल? काळ उलटा फिरवला की हे आपलेच समीकरण होते आणि उत्तरांची गर्दी म्हणजे त्या न सांगता येणाऱ्या वेळा. पुढच्या दिशेने मात्र उत्तर एकच आहे, कारण पाणी जिथे जास्त, तिथे ते अधिक वेगाने उतरते, आणि त्यामुळे दोन उत्तरांतले अंतर कधीच वाढत नाही.