वाचकांचे प्रश्न : लसीची सक्ती कुठे रास्त, कुठे नाही

लसीचा दाखला दाखवल्याशिवाय प्रवेश नाही आणि लस घेतल्याशिवाय नोकरी नाही, या दोन नियमांबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या कंपनीत साडेचारशे कर्मचारी आहेत. पुन्हा साथ आली तर धावपळ नको, म्हणून ‘लस न घेणाऱ्याला कामावर घेतलं जाणार नाही’ असं कलम सेवानियमांत आताच घालावं, असा व्यवस्थापनाचा आग्रह आहे. मी मनुष्यबळ विभागात आहे. काय सल्ला द्याल?

उत्तर : असं सरसकट कलम घालू नका. रोग कोणता आणि लस कोणती हे माहीत नसताना सक्ती रास्त की अन्यायाची, हे ठरवताच येत नाही. धनुर्वात घ्या. तो माणसाकडून माणसाला होत नाही. त्याचे जिवाणू मातीत असतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. यंत्रावर काम करणाऱ्याने ही लस स्वतःसाठी घ्यायलाच हवी, पण त्याने ती घेतली नाही म्हणून शेजारच्याला काडीचाही धोका नाही. गोवराचं अगदी उलट. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात एक रोगी सरासरी 12 ते 18 जणांना लागण करतो, आणि लसीचे दोन डोस साधारण 97 टक्के संरक्षण देतात. इथे लस नाकारणारा दुसऱ्याला खरोखरच धोक्यात घालतो.

कोविडच्या लसी या दोन टोकांच्या मध्ये होत्या आणि त्यांची जागा वर्षभरात सरकली. 2020 च्या चाचण्यांत मुख्यतः मोजलं गेलं ते लक्षणं दिसणाऱ्या आजारापासूनचं संरक्षण. फायझरच्या लसीत ते 95 टक्के आलं. पुढे डेल्टा आणि 2021 च्या अखेरीस ओमायक्रॉन आला, तेव्हा लागण रोखण्याची ताकद काही महिन्यांतच उतरते हे दिसून आलं. गंभीर आजार आणि मृत्यूपासूनचं संरक्षण मात्र त्याहून बरंच टिकलं. म्हणजे लस घेण्याचं कारण कायम राहिलं, पण ‘सहकाऱ्यांच्या रक्षणासाठी’ सक्ती करण्याचं कारण ओसरत गेलं. कित्येक नियम मात्र जुन्याच आकड्यांवर चालू राहिले, आणि लोकांचा विश्वास तिथेच उडाला.

कलम हवंच असेल तर निर्णय कसा घ्यायचा, याचं घाला. साथ आली की आधी कामांची विभागणी करा : दुर्बळ किंवा आजारी माणसांच्या थेट संपर्कात येणारे, बंद खोलीत एकत्र बसणारे, आणि एकटे, उघड्यावर किंवा घरून काम करणारे. तिसऱ्या गटाला सक्ती लावण्याचं काही कारणच नाही. दुसऱ्या गटासाठी आधी खिडक्या, हवा खेळती ठेवणं, पाळ्या वेगळ्या करणं आणि भरपगारी आजारपणाची रजा. या रजेकडे फार दुर्लक्ष होतं. रजेचा पगार कापला जात असेल तर ताप आलेला माणूस गोळी घेऊन कामावर येतोच, मग त्याच्या खिशात लसीचा दाखला असो वा नसो. लस कामाच्या वेळेत आणि कामाच्या जागीच द्या, दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर सुट्टी द्या. ‘लसविरोधी’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, त्यांतल्या अनेकांची अडचण एका दिवसाचा रोजगार बुडण्याची असते.

एवढं करूनही पहिल्या गटात सक्ती लागली, तर आदेशावर संपण्याची तारीख लिहा. 90 दिवस पुरेसे आहेत. त्या दिवशी ताजी माहिती पाहून कोणी लेखी मुदतवाढ दिली नाही, तर आदेश आपोआप रद्द. नकार देणाऱ्याला काढून टाकण्याआधी बदली, मास्क, चाचणी हे सगळे पर्याय दिल्याची नोंद फायलीत हवी.

प्रश्न : आमच्या कार्यालयात आजारी पडलेल्यांत लस घेतलेलेच जास्त निघाले. मग लसीचा उपयोग काय झाला?

उत्तर : हिशेब मांडून पाहू. समजा, 1000 जणांत 900 जणांनी लस घेतली आहे, 100 जणांनी नाही. न घेतलेल्यांत 10 टक्के आजारी पडले, म्हणजे 10 जण. घेतलेल्यांत 2 टक्के पडले, म्हणजे 18. एकूण 28 आजाऱ्यांत 18 लसवंत, तरी लसीने धोका पाचपटीने कमी केला. कोणीच घेतली नसती, तर 100 जण पडले असते.

याची खरी नोंदही आहे. जुलै 2021 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बार्नस्टेबल काउंटीत, 469 जणांना लागण झाली. त्यांत 346 जणांचं, म्हणजे 74 टक्क्यांचं, लसीकरण पूर्ण झालेलं होतं. नुसत्या 74 या आकड्यावरून लस कुचकामी ठरत नाही. पण लस घेतलेली माणसंही विषाणू पसरवू शकतात, हे त्याने उघड केलं, आणि ‘दाखला असलेला सुरक्षित’ या समजुतीला धक्का बसला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

प्रश्न : मी परिचारिका आहे. कामावर रुजू होताना कावीळ ब ची (हिपॅटायटिस बी) लस घ्यायला सांगतात. ही सक्ती योग्य आहे का?

उत्तर : लस घ्याच, हे आमचं पहिलं सांगणं. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली, तर कावीळ ब होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के असते. एचआयव्हीसाठी हेच प्रमाण साधारण 0.3 टक्के आहे. वाळलेल्या रक्तातही कावीळ ब चा विषाणू किमान सात दिवस तग धरतो.

आता सक्तीबद्दल. अमेरिकेत 1991 पासूनचा नियम आम्हाला आदर्श वाटतो. रक्ताशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकाने काम सुरू झाल्यापासून 10 कामाच्या दिवसांत ही लस मोफत देऊ करायची. नकार द्यायचा असेल तर कर्मचारी ठरलेल्या मजकुराच्या पत्रावर सही करतो, आणि पुढे मन बदललं तर लस तेव्हाही मोफत मिळते. यात कोणाची नोकरी जात नाही. धोका मुख्यतः स्वतःला आहे, म्हणून शेवटचा शब्दही स्वतःचा.

डोस तीन : पहिला, एका महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक ते दोन महिन्यांत रक्तातली प्रतिपिंडं तपासायची. 10 एमआययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त असली की संरक्षण मिळालं. चूक इथेच होते. डोस घेतले जातात, तपासणी राहून जाते. निरोगी प्रौढांतही काहींच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होत नाहीत. त्यांना दुसरी मालिका द्यावी लागते, आणि तीही लागू पडली नाही, तर सुई टोचल्यावर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) घ्यावं लागतं, शक्यतो 24 तासांच्या आत. हे आधी ठाऊक नसेल, तर ऐन वेळी धावाधाव होते. म्हणून फायलीत ‘तीन डोस पूर्ण’ या शेऱ्याच्या शेजारी तपासणीचा आकडाही लिहून घ्या.

प्रश्न : पीतज्वराचा (यलो फीवर) दाखला आपण वर्षानुवर्षं मुकाट्याने दाखवतो. मग कोविडच्या पासपोर्टवर एवढा गदारोळ का?

उत्तर : कारण दोन्हींमागच्या लसी वेगळ्या आहेत. पीतज्वराचा एक डोस जन्मभर पुरतो. म्हणून 11 जुलै 2016 पासून आंतरराष्ट्रीय दाखला आजन्म वैध धरला जातो. धोक्याच्या देशातून आलेला बाधित प्रवासी, आणि उतरण्याच्या ठिकाणी हा रोग पसरवणारा एडिस डास, असा योग जुळला तर नवी साथ सुरू होऊ शकते. नियमाला कारण स्पष्ट आहे आणि लस ते पुरं करते.

युरोपीय संघाचा डिजिटल दाखला 1 जुलै 2021 ला सुरू झाला. प्रवासासाठी लसीच्या नोंदीवर पुढे 270 दिवसांची मर्यादा घालावी लागली, आणि 30 जून 2023 ला ती व्यवस्था संपली. तिची एक बाजू चांगली होती : लस, चाचणी किंवा आजारातून बरं होणं, तिन्ही धरली जात. बरं होऊन गेलेल्याला न मोजणारा पास आम्हाला मुळातच चुकीचा वाटतो. क्यूआर कोडवर डिजिटल सही असे आणि तपासणारं अ‍ॅप ती सही पडताळून पाही. प्रत्यक्षात दारावरचा माणूस मोबाईलवरचं हिरवं चिन्ह दुरून पाहून आत सोडी. कोड स्कॅन न करता, आणि ओळखपत्राशी नाव न ताडता पास तपासला, तर दुसऱ्याच्या कोडचा स्क्रीनशॉटही चालून जातो.

पीतज्वराची लस घेणार असाल, तर दाखला हातात पडताच तिथेच तपासा. लसीचं नाव, तारीख, डॉक्टरांची स्वतःच्या हाताने केलेली सही, उत्पादक आणि बॅच क्रमांक, केंद्राचा शिक्का, सगळे रकाने भरलेले हवेत. महिना अक्षरांत लिहिलेला हवा. खाडाखोड असेल किंवा एखादा रकाना रिकामा असेल, तर दाखला अवैध ठरू शकतो. तो लागू होतो लसीनंतर 10 दिवसांनी; प्रवासाच्या आदल्या आठवड्यात जाग येणारे इथेच अडकतात.

प्रश्न : न्यायालयांनी यावर काय म्हटलं आहे?

उत्तर : 1905 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देवीच्या लसीची सक्ती वैध ठरवली. नकार देणारे हेनिंग जेकबसन यांना दंड होता पाच डॉलर. धरून टोचण्याचा प्रश्नच नव्हता, आणि ज्याच्या प्रकृतीला लस घातक आहे, त्याला सूट असावी असं न्यायालयानेच सुचवलं होतं. 13 जानेवारी 2022 ला त्याच न्यायालयाने एकाच दिवशी दोन निर्णय दिले : 100 वा अधिक कर्मचारी असलेल्या सर्व उद्योगांसाठीचा ‘लस घ्या किंवा चाचणी करा’ हा नियम रोखला, सरकारी निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थांमधल्या कर्मचाऱ्यांची सक्ती मात्र चालू दिली. प्रश्न तिथे सरकारी यंत्रणांच्या अधिकारकक्षेचा होता, तरी रेघ आम्हाला योग्य जागी ओढलेली वाटते.

युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 8 एप्रिल 2021 ला चेक प्रजासत्ताकातली मुलांच्या लसींची सक्ती मान्य केली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 च्या जेकब पुलियेल निकालात कोणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही असं सांगितलं. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात, पण लस न घेतलेल्यांकडून प्रसार जास्त होतो हे दाखवणारी माहिती समोर आलेली नाही, म्हणून तेव्हाचे निर्बंध प्रमाणशीर नाहीत, असं त्याचं सार. मूळ प्रश्न न्यायालयाने नेमका पकडला.

प्रश्न : मला आधीच्या डोसनंतर तीव्र अ‍ॅलर्जी झाली होती. सूट मागितली, तर कंपनी सगळे वैद्यकीय कागद मागते. द्यायचे का?

उत्तर : सगळे नाही. आधीच्या डोसनंतर किंवा लसीतल्या एखाद्या घटकामुळे अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी) होणं हे सूट मिळण्याचं भक्कम कारण आहे. डॉक्टरांकडून एका परिच्छेदाचं पत्र घ्या : अमुक लस वैद्यकीय कारणाने देता येत नाही, सूट कायमची की अमुक तारखेपर्यंतची, दुसऱ्या प्रकारची लस चालेल की नाही. निदान, औषधं, जुने अहवाल यांची मालकाला गरज नाही. पत्र वरिष्ठाच्या ईमेलवर पाठवू नका. कंपनीचे वैद्यकीय अधिकारी असतील तर त्यांच्याकडे, नसतील तर मनुष्यबळ विभागात बंद पाकिटात द्या आणि पोच घ्या. ते तुमच्या सेवापुस्तकात लावू नये, वेगळ्या फायलीत ठेवावं आणि आदेश रद्द झाल्यावर नष्ट करावं, अशी विनंती त्याच अर्जात लिहा.