चित्रकार्डांमुळे मूल बोलायचे थांबते का?

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षे दोन महिन्यांचा आहे. अडीच वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचे निदान झाले. ‘मम’ आणि ‘पा’ याखेरीज तो काही बोलत नाही आणि तेही रोज नाही. काही हवे असले की माझा हात धरून तिथवर नेतो. ‘पाणी म्हण, मग देते’ असे आम्ही सारखे सांगतो, त्यावर तो रडतो किंवा निघून जातो. आता स्पीच थेरपिस्टनी चित्रकार्डे सुरू करायला सांगितली आहेत. कार्ड दाखवून काम भागले तर तो कधीच बोलणार नाही, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. शिवाय घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला, असे एका शाळेने सुचवले. आम्ही काय करावे?
— एक आई, कोथरूड

उत्तर : सासूबाईंची शंका रास्त आहे आणि ती बहुतेक घरांत निघते, मात्र आजवरचे अभ्यास तिला दुजोरा देत नाहीत. चित्रे, खुणा किंवा बोलणारे यंत्र यांचा आधार दिल्यावर विकासात्मक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या बोलण्याचे काय होते, याचा एक आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचेही बोलणे घटले नव्हते आणि ८९ टक्के जणांचे वाढले होते, अर्थात पुष्कळांचे थोडेसेच. कार्डे जरूर सुरू करावीत. फक्त कार्ड हातात आले की आपणही तो शब्द स्पष्ट उच्चारावा आणि वस्तू लगेच द्यावी. ‘आता तोंडाने म्हण’ अशी अट घालू नये.

त्या अटीविषयीच मला अधिक सांगायचे आहे. आपला मुलगा हात धरून माठापाशी नेतो, तेव्हा त्याने मागणी केलेलीच असते. त्यावर आपण ‘म्हण’ म्हणालो की पाणी मागण्याची कृती परीक्षेत बदलते आणि परीक्षेतून पळ काढणे त्याला शहाणपणाचे वाटते. त्याऐवजी पेल्यात दोनच घोट पाणी घाला, ‘पाणी’ एवढा एकच शब्द सावकाश म्हणा आणि त्याला द्या. तो रिकामा पेला पुढे करील. आता तांब्या हातात धरून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून, मनातल्या मनात दहापर्यंत मोजत थांबा. (माझ्याकडच्या सत्रांमध्ये सर्वांत अवघड व्यायाम पालकांच्याच वाट्याला येतो, गप्प बसण्याचा.) त्याने बघितले, बोट केले, कार्ड दिले किंवा ‘पा’ केले, यांतले काहीही पुरे आहे, ‘पा… पाणी!’ म्हणून लगेच पुढचे दोन घोट द्या. काहीच झाले नाही तरी पाणी द्यायचेच, कारण तहानेला ओलीस धरून भाषा शिकवता येत नाही.

सोसायटीच्या झोपाळ्यावरही हेच करता येईल. झोपाळा मागे ओढून धरा, ‘एक… दोन…’ म्हणा आणि थांबा. रोज त्याच चालीत म्हटलेले शब्द मुलाच्या ओळखीचे होतात आणि कधी तरी ‘तीन’ची जागा तो एखाद्या आवाजाने भरतो. तो आवाज ‘ई’ असला तरी झोपाळा सोडावा.

इंग्रजीचा सल्ला मला पटत नाही. दोन भाषा कानांवर पडल्याने ऑटिझम असलेल्या मुलांची भाषा आणखी मागे पडते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. उलट, आजी ज्या भाषेत दिवसभर त्याच्याशी बोलेल ती भाषा घरातून काढली, तर त्याच्या वाट्याचे बोलणेच निम्मे होईल. कार्डांवरही मराठीच शब्द लिहा. पुढे मोबाइलवर जायचे झाल्यास आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे ॲप मराठीत आहे. बेरा किंवा अन्य श्रवणतपासणी झाली नसेल, तर ती आधी करून घ्यावी.

तो कधी बोलेल, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. चौथ्या वर्षी भाषेत फार मागे असलेल्या ५३५ मुलांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत पुढे ७० टक्के मुले छोटे शब्दसमूह बोलू लागली होती आणि ४७ टक्के अस्खलित बोलत होती. उरलेल्या मुलांनाही म्हणणे मांडण्याचा मार्ग हवाच होता. कार्डांची निकड मला त्यासाठीही वाटते.

प्रश्न : आमची पाच वर्षांची मुलगी स्वतःहून काही मागत नाही, पण मेट्रोतली ‘पुढील स्थानक…’ ही घोषणा दिवसभर म्हणत राहते. हे थांबवावे का?
— एक वडील, वनाज

उत्तर : थांबवू नये. ती हे केव्हा म्हणते, याची आठवडाभर नोंद ठेवा. पाहुणे फार वेळ बसले की, जेवण नकोसे झाले की, पायांत चप्पल सरकवताना, अशी वेळ जुळत असेल, तर ‘मला इथून निघायचे आहे’ असा तिचा अर्थ असू शकतो. तसे वाटल्यास तिच्या बाजूने बोला : ‘चल, जाऊया’, आणि खरोखरच तिला घेऊन उठा. नुसते ‘जाऊया’ म्हणून बसून राहिलात, तर ती घोषणेकडेच परत वळेल.