ॲनी चॅपमनचा खून साडेचारच्या आधी झाला की साडेपाचला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ८ सप्टेंबर १८८८ च्या पहाटे लंडनच्या हॅनबरी स्ट्रीटवर, २९ नंबरच्या घरामागच्या अंगणात ॲनी चॅपमनचा खून झाला. खुनी कधीच सापडला नाही; 'जॅक द रिपर' या नावाने तो ओळखला जातो. डॉक्टरांच्या अंदाजाने तो साडेचारच्या आधीचा, तर तिघा साक्षीदारांचं म्हणणं जुळवलं तर साडेपाचच्या आसपासचा. मग धरायचं काय? आणि त्या तिघांपैकी एलिझाबेथ लाँगने ॲनीसोबत दिसलेल्या पुरुषाचं जे वर्णन केलं ते कितपत घ्यायचं?

माझं मत आधी सांगते. खून साधारण पाच वीस ते साडेपाचच्या दरम्यान झाला असं मला वाटतं. या मताला यायला मला बराच काळ लागला, कारण सुरुवातीला मी 'यातलं खोटं कोण बोलतंय' हेच शोधत बसले होते. खोटं कोणीच बोलत नसेल, अशी शक्यता इथे बरीच आहे. त्यापेक्षा प्रत्येकाला आपली वेळ कशावरून कळली हे विचारलं की गुंता सुटायला लागतो.

डॉक्टरांपासून सुरुवात करू, कारण वाचणारे त्यांच्याच नावाला दबतात. पोलीस सर्जन जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स साडेसहाला तिथे पोचले. प्रेत जवळजवळ थंड झालं होतं, थोडी ऊब आतड्यांखाली उरली होती, आणि हातपाय ताठ होण्याची सुरुवात झाली होती. त्यावरून त्यांनी सांगितलं, मृत्यू होऊन निदान दोन तास झाले, बहुधा जास्तच. थर्मामीटरने घेतलेला आकडा त्यांच्या साक्षीत नाही. सगळा अंदाज स्पर्शाचा आणि अनुभवाचा. आणि पुढचं वाक्य लोक सोडून देतात: त्यांनी स्वतःच जोडलं की सकाळ गार होती आणि रक्त फार गेल्यामुळे शरीर लवकर थंड होण्याचा संभव होता. या वाक्यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. काहींच्या मते फिलिप्स 'दोन तासांपेक्षा कमीही असू शकेल' असं सुचवत होते, तर काहींच्या मते ती सवलत फक्त 'बहुधा जास्त' या भागापुरती होती. शब्दांचा कीस काढून हे सुटेल असं मला वाटत नाही. पण शरीर लवकर थंड झालं असेल तर चूक एकाच दिशेने होते, मृत्यू खऱ्यापेक्षा जुना वाटतो. ती बाई रात्री दोनच्या सुमारास झोपायच्या जागेचे पैसे नाहीत म्हणून निवाऱ्याबाहेर पडलेली, आजारी, अंगणात उघडी पडलेली, पोट फाडलेलं. अशा देहाच्या गारपणावरून तासाभराचा फरक सांगता येतो, हे आजचं वैद्यकशास्त्रही छातीठोकपणे म्हणणार नाही.

पोटात थोडं अन्न सापडलं, आणि निवारा सोडण्याआधी ती बटाटा खात होती, यावरूनही काहीजण मृत्यू लवकरचा ठरवतात. मधल्या तासांत तिने आणखी काही खाल्लं की नाही हे कुठेच नोंदलेलं नाही, त्यामुळे हा मुद्दा कोणत्याच बाजूला लागत नाही.

खरा कस लागतो जॉन रिचर्डसनवर. त्याची आई त्या घराची भाडेकरू, तिथे पेट्या बनवण्याचा धंदा चालायचा. तळघरात पूर्वी चोरी झाली होती म्हणून बाजाराच्या दिवशी कामावर जाताना कुलूप बघायला तो तिथे वळायचा. त्या दिवशी तो पावणेपाचच्या सुमारास आला. चौकशीत त्याने सांगितलं, मी मागच्या पायरीवर बसलो, बूट टोचत होता म्हणून चामड्याचा तुकडा सुरीने कापला, उजाडायला लागलं होतं, प्रेत असतं तर मला दिसलंच असतं. अडचण अशी की त्या सकाळी इन्स्पेक्टर चँडलरशी बोलताना त्याने बुटाचा उल्लेखच केला नव्हता आणि आपण पायऱ्या उतरलो नाही असंही म्हटलं होतं. दार अंगणात डावीकडे उघडायचं आणि प्रेत डावीकडेच, कुंपणालगत पडलेलं. मग वरच्या पायरीवर उभ्या माणसाला ते दाराआड दिसलं नसेल, असा तर्क चँडलरनेच मांडला.

इथे मी बराच काळ अडकले होते. सुरी घेऊन त्याच जागी बसलेला माणूस पहिल्यांदा ते सांगत नाही, हे खटकतंच. पण जरा त्याच्या जागी उभे राहून बघा. अंगणात बाईचा गळा कापलेला देह सापडलाय आणि पोलीस तुम्हाला विचारताहेत. बुटाची आणि सुरीची गोष्ट लगेच तोंडातून निघेल का? पुढे त्याने ती शपथेवर सांगितली, कॉरोनरने (मृत्यूची चौकशी चालवणाऱ्या अधिकाऱ्याने) पाठवल्यावर घरी जाऊन सुरी आणूनही दाखवली. जे सांगून स्वतःवर संशय ओढवेल ते माणूस उगाच रचत नाही. आणि तपशील बदलला तरी गाभा बदलला नाही: ती बाई तिथे नव्हती याची त्याला खात्री होती, हे खुद्द चँडलरनेच साक्षीत मान्य केलं. तो पायरीवर बसला असेल तर प्रेताचं डोकं त्याच्यापासून हातभरही लांब नव्हतं. त्या अंतरावर दाराचा आडोसा टिकत नाही.

शिवाय रिचर्डसनच्या बाबतीत घड्याळ दहा मिनिटं मागेपुढे झालं तरी काही बिघडत नाही. पावणेपाच असो वा चार चाळीस, तेव्हा अंगण रिकामं असेल तर साडेचारच्या आधीचा अंदाज कोसळतो. मिनिटांची चूक पचवू शकणारी साक्ष मला नेहमी जास्त वजनाची वाटते.

शेजारच्या २७ नंबरमधला अल्बर्ट कॅडोश सव्वापाचला उठला. पाच वीसच्या सुमारास अंगणात गेला असता त्याने 'नो' असा आवाज ऐकला. तीनचार मिनिटांनी पुन्हा गेला तेव्हा कुंपणावर काहीतरी आपटल्यासारखं झालं. पेट्यांच्या धंद्यामुळे असे आवाज रोजचे, म्हणून त्याने डोकावलं नाही. कामाला निघून स्पिटलफील्ड्सच्या चर्चजवळ पोचला तेव्हा तिथल्या घड्याळात पाच बत्तीस झाले होते. त्याचा प्रामाणिकपणा मला कुठे दिसतो सांगू? 'नो' नेमका कोणत्या बाजूने आला हे खात्रीने सांगता येत नाही, असं तो स्वतःच म्हणाला. गोष्ट रंगवायची असती तर त्याने आवाज थेट २९ मधूनच ऐकवला असता. कुंपणावरच्या आपटण्याबद्दल मात्र तो डळमळला नाही. साडेचारच्या आधी मेलेली बाई कुंपणालगत पडलेली असताना त्याच कुंपणावर पाच पंचविसाला कोण आपटलं, याचं उत्तर लवकरची वेळ मानणाऱ्यांना द्यावं लागतं.

आता लाँगबाई. बाजारात जाताना ब्लॅक ईगल ब्रुअरीच्या (बिअरच्या कारखान्याच्या) घड्याळाने साडेपाचचे ठोके दिले आणि २९ नंबरजवळ एक स्त्री-पुरुष बोलताना दिसले. पुरुष म्हणाला, 'विल यू?' ती म्हणाली, 'येस.' पुढे शवागारात तिने ॲनीला ओळखलं. पण साडेपाचला ॲनी रस्त्यावर जिवंत असेल तर कॅडोशने त्याआधी ऐकलं ते काय? आणि कॅडोश त्याच सुमारास बाहेर पडला तर त्याला रस्त्यात असं जोडपं दिसलं नाही.

यावर सोपा तोडगा असा सांगितला जातो की तिने ऐकलेले ठोके सव्वापाचचे होते. तसं मानलं तर सगळं चपखल बसतं, आणि म्हणूनच मी सावध होते. आपल्याला हवा तेवढाच काटा मागे सरकवणं हा पुरावा होत नाही. दोन साक्षीदारांची घड्याळं वेगळी होती, त्यांच्यात पाचसात मिनिटांचा फरक सहज शक्य होता, इथवर मी जाईन. त्यापुढे नाही. एकाला सोडायचंच झालं तर मी लाँगला सोडेन. रिचर्डसन आणि कॅडोश यांची साखळी तिच्याशिवायही उभी राहते.

'उजेडात, सतरा माणसं राहत असलेल्या घरामागे कोण खून करेल' हा आक्षेप तुम्हाला सगळीकडे भेटेल. ती खुन्याच्या स्वभावाबद्दलची आपली कल्पना आहे, त्या सकाळचा पुरावा नव्हे. प्रेत सहाच्या थोडं आधी त्याच घरात राहणाऱ्या जॉन डेव्हिसला सापडलं. पाच पंचवीसनंतर खुन्याकडे निदान पंधरावीस मिनिटं होती.

कॉरोनर विन बॅक्स्टर यांनीही २६ सप्टेंबरला समारोप करताना साक्षीदारांच्या बाजूने कौल दिला आणि साक्षीदार बरोबर असतील तर डॉक्टरांचा हिशोब चुकला असं म्हटलं. चीफ इन्स्पेक्टर स्वॉन्सन यांच्या ऑक्टोबरमधल्या अहवालात मात्र शंका कायम आहे: डॉक्टर बरोबर असतील तर लाँगच्या साक्षीकडे थोड्या शंकेनेच बघावं लागतं. त्या वाक्यातला 'तर' विसरू नका. अनेकजण तो गाळून पोलिसांनी लाँगला फेटाळलंच असं लिहितात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. लाँगने पुरुषाचा चेहरा पाहिलाच नव्हता. सावळा रंग, तपकिरी डीअरस्टॉकर (शिकाऱ्यांच्या धर्तीची) टोपी, चाळिशीच्या पुढचा, परदेशी वाटणारा, हे सगळं पाठमोऱ्या माणसाबद्दल आहे, तेही रस्त्याने जाता जाता, संशय यायचं काही कारण नसताना पाहिलेलं. ॲनीचा चेहरा तिला दिसला होता, म्हणून ती ओळख मी थोडी तरी मोजते. पण प्रेत दाखवून 'हीच का' विचारलं की होकार किती सहज येतो हेही लक्षात ठेवते. त्या टोपीवरून आणि रंगावरून आजवर जे संशयित उभे केले गेले, त्यातल्या एकाही माणसाला मी या वर्णनाच्या जोरावर जवळ आणणार नाही किंवा वगळणार नाही. वेळेचं मात्र तसं नाही. कोणाची त्या पहाटेची हकिकत तपासत असाल तर ती साडेचारच्या नाही, पाच वीस ते पाच पस्तीसच्या चौकटीत तपासा.