ट्रकला यंत्र बसवावे का? त्याआधी व्याज आणि विम्याकडे पाहा

जालन्याच्या एका वाचकांचे पत्र आहे. वय ४५, दहा टायरचे चार ट्रक, समृद्धी महामार्गाने भिवंडीकडे सळई नेण्याचा व्यवसाय. गिअर कधी बदलावा, ॲक्सिलरेटरवरून पाय केव्हा काढावा हे चालकाला सांगणारे आणि उभ्या गाडीचे इंजिन चालू राहिल्यास इशारा देणारे यंत्र प्रत्येकी ६०,००० रुपयांना घ्यावे का, असे ते विचारतात. विक्रेत्याने १५ टक्के डिझेल वाचेल असे सांगितले आहे.

महिन्याला ७,००० किलोमीटर आणि लिटरला चारचे ॲव्हरेज धरले, तर एका ट्रकला वर्षाला २१,००० लिटर लागतात. नव्वद रुपये भावाने सुमारे १९ लाख, चार ट्रकांचे ७५ लाख. त्याचे १५ टक्के म्हणजे ११ लाख, आणि एवढ्या बचतीवर विसंबून कोणीही खर्च करू नये. समृद्धीवर सिग्नल नाहीत, गिअर फारसे बदलावे लागत नाहीत, त्यामुळे यंत्राला सुधारण्यासारखे कमी उरते. तिथे खरा फरक वेगाचा पडतो: हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ८० ऐवजी ६५ने चालवल्यास तो सुमारे एक तृतीयांशाने घटतो. उतारावर गाडी न्यूट्रल करणेही थांबवायला सांगा. गिअरमध्ये असताना पाय काढला की आजचे इंजिन डिझेलचा पुरवठा बंद करते, न्यूट्रलमध्ये मात्र ते जळत राहते, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. मी चार टक्के, म्हणजे तीन लाख धरीन. त्यातला निम्मा वाटा चालकांना द्या, कारण पाय त्यांचा आहे. उरले वर्षाला दीड लाख, खर्च एकदाच २.४ लाख. घेण्यासारखे आहे, पण घाईने नाही.

मला काळजी वाटते ती पत्राच्या शेवटच्या चार ओळींची. ट्रकांचे ५८ लाखांचे कर्ज शिल्लक, त्याला घर तारण आणि पत्नी सहकर्जदार. कारखाना भाडे ७५ दिवसांनी देतो, म्हणून डिझेलसाठी महिना दोन टक्क्यांनी १० लाख खासगी उचललेले. आणि एंडोमेंटच्या, म्हणजे बचत आणि विमा एकत्र असलेल्या, तीन पॉलिसी: वर्षाला १.८ लाख हप्ता, सहा हप्ते भरलेले, एकूण विमा १८ लाख. उद्या तुमचे बरेवाईट झाले, तर विम्याचे पैसे देऊनही पत्नीच्या डोक्यावर ५० लाख राहतात, आणि ज्याने या पॉलिसी विकल्या त्याने हा हिशेब तुमच्यासमोर मांडलाच नाही, याचा मला राग येतो. पाच-सहा टक्के परताव्यासाठी तुम्ही बचत करता आणि चोवीस टक्क्यांनी कर्ज काढता.

आधी एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, घ्या. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला तीस-पस्तीस हजार धरा. वैद्यकीय तपासणी होऊन तो हातात पडेपर्यंत जुनी एकही पॉलिसी मोडू नका. त्यानंतर तिन्ही सरेंडर करा. सहा हप्त्यांचे १०.८ लाख भरलेत. किमान निम्मे परत मिळतील, बाकीचे गेले असे समजा. त्या ५.४ लाखांनी खासगी कर्ज फेडले की वर्षाला १.३ लाख व्याज वाचते, १.८ लाखांचा हप्ताही थांबतो. टर्मचा खर्च वजा जाता वर्षाला सुमारे पावणेतीन लाख, आणि त्यासाठी कोणत्याही चालकाची सवय बदलावी लागत नाही. उरलेले कर्ज याच पैशातून दोन वर्षांत संपेल.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर तीही करा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे, आणि २०२४ पासून मुदत चुकवणाऱ्या ग्राहकाला त्या खर्चाची प्राप्तिकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. कारखान्याच्या लेखा विभागाला हे कलम, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले ४३बी(एच), ठाऊक असते.

खासगी कर्ज संपले की यंत्र एका ट्रकला लावा, त्याच मार्गावरचा दुसरा ट्रक तसाच ठेवा, आणि तीन महिने दोघांची टाकी दर फेरीला काठोकाठ भरून लिटर लिहून ठेवा. चार टक्के दिसले तर बाकीच्या तिघांनाही घ्या.