जुने-नवे रहिवासी आणि सभेतला गोंधळ

प्रश्न : आमच्या उपनगरातल्या मोकळ्या मैदानावर वाहनतळ करावा का, यावर दोन सभा झाल्या. दोन्ही वेळा गाडी 'आम्ही मूळचे, तुम्ही उपरे' यावरच घसरली. तिसरी सभा कशी घ्यावी?

उत्तर : भांडण मैदानावरून दिसतं, पण आत खदखदतंय ते 'हे गाव कुणाचं' हेच. तो प्रश्न दाबलात, तर वाहनतळाच्या आडून पुन्हा डोकं वर काढेल. म्हणून सुरुवातीची २० मिनिटं त्यालाच द्या, मात्र भाषणं नकोत. परिसराचा मोठा नकाशा टेबलावर पसरा आणि प्रत्येकाला ३ टिकल्या द्या. त्या नकाशावर तीन जागी चिकटवायच्या : रोज पाय वळतात ती जागा, गेली तर जीव हळहळेल ती आणि जायला नको वाटतं ती. टिकल्यांचे रंग या तीन प्रकारच्या जागांनुसार ठेवा. जुन्यांचा एक, नव्यांचा दुसरा असं केलंत, तर नकाशावरच दोन तट पडतील.

अध्यक्ष असा हवा, ज्याचं निकालात काही अडकलेलं नाही. सर्वांनी अध्यक्षांना उद्देशून बोलायचं, कुणाच्या हेतूवर बोट ठेवायचं नाही आणि इच्छुकांपैकी प्रत्येक जण एकदा बोलल्याशिवाय कुणाला दुसरी संधी नाही. अमेरिकी लष्करी अभियंते हेन्री रॉबर्ट यांच्या १८७६च्या नियमावलीतही हेच आहे. जुनं असलं तरी आजही हेच उपयोगी पडतं.

माइकसमोर रांग लावू नका. सगळ्यात चिडलेले आधी उभे राहतात आणि पहिल्या चार-पाच जणांचा सूर सभेला लागतो. नावांच्या चिठ्ठ्या काढा, प्रत्येकी २ मिनिटं द्या. घड्याळ अध्यक्षांकडे नको, वेगळा माणूस बसवा.

'बाहेरून आलेल्यांनी वाट लावली' असं कुणी म्हणालंच, तर त्याला गप्प बसवू नका. अध्यक्षांनी विचारावं, "नेमकं काय बदललं? कुठे?" बहुतेकदा उत्तर येतं, "संध्याकाळी पोरांना खेळायला जागा राहत नाही." हे वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहा आणि बोलणाऱ्याला विचारा, "असंच म्हणायचं होतं ना?" आता यावर नवा रहिवासीही बोलू शकतो, मुलं त्यालाही आहेत.

त्याच रात्री हात वर करून मतदान घेऊ नका. शेजाऱ्यासमोर हात वर करायला माणूस कचरतो. इतिवृत्त २ दिवसांत सूचनाफलकावर लावा. त्यात न मिटलेले मतभेदही लिहा, नाहीतर पुढच्या सभेचा पहिला अर्धा तास त्यावरच जाईल.